जुन्या फोर बाय फोरची दाराची हँडलं स्वतः बनवून घेतली, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ड्रायव्हर साइडचं हँडल बसवून आठ महिने झाले, दुसऱ्या बाजूचं साधारण सहा. बसवलं त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, कारण तेव्हा मी कुठे जायचं नसलं तरी खाली जाऊन दार उघडून लावून बघत होतो. आता एक अख्खा पावसाळा, धूळ, खडबडीत रस्ते, दार आपटणारे मित्र, सगळं होऊन गेलंय, म्हणून लिहितो.

गाडी १९६० च्या दशकातली, मॉडेल कधीच बंद झालेलं, इंचाच्या मापात बनलेली. लँड रोव्हरवाल्यांचं बरं असतं, त्यांना निदान पार्ट मिळतात. आमच्या गाडीचं इंजिनाचं सामान कुठून तरी जमतं, पण दाराचं हँडल म्हणजे जो तो आपलं जपून ठेवतो. माझं मानेत तुटलं, जिथे मूठ संपून बैठकीत, म्हणजे दाराच्या पत्र्यावर टेकणाऱ्या भागात, जाते तिथे. आतला भाग दाणेदार, करडा, आणि क्रोमच्या खाली फोड आलेले.

हे मूळ हँडल झमॅकचं असतं, म्हणजे जस्तात साधारण ४ टक्के अॅल्युमिनियम आणि थोडं बाकीचं. साच्यात दाबून ओतायला एकदम मस्त, पण एकदा तुटलं की विषय संपला. हा धातू ३८० अंशांच्या आसपासच वितळायला लागतो, त्यामुळे वेल्डिंगवाल्याकडे नेलं तर त्याने टॉर्च लावल्या लावल्या एक कोपरा पाण्यासारखा ओघळला आणि आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. मग इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पक्क्या गोंदाने, चिकटवलं, ते चौथ्या दिवशी हातात आलं.

मग ठरवलं की नवीनच बनवायचं. आधी मोबाइलवर थ्रीडी स्कॅन करून बघितलं, क्रोम चकाकतं त्यामुळे मॉडेलमध्ये हँडलऐवजी बटाट्यासारखं काहीतरी आलं. टाल्कम पावडर चोळून केलं तर जरा बरं आलं, पण शेवटी खरं काम व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, आणि कागदावर काढलेल्या आउटलाइननेच झालं.

इथे मी जी चूक केली ती सगळेच करतात असं मला आता वाटतं. हँडलच्या मागून एक चौकोनी दांडा निघतो जो दाराच्या आत लॅचमध्ये, म्हणजे दार अडकवून ठेवणाऱ्या यंत्रणेत, जातो. मी टोकाला मोजला, ७.५ मिलिमीटर भरला. तेवढाच काढला, लेथवाल्या काकांकडे ड्रॉइंग घेऊन गेलो. त्यांनी ड्रॉइंग बघितलंच नाही, तुटकं हँडल हातात घेतलं, दांडा बैठकीतून ठोकून बाहेर काढला आणि जो भाग साठ वर्षं आत लपलेला होता तिथे व्हर्नियर लावला. ७.९ च्या वर. म्हणाले, "साहेब, तुम्ही झिजलेल्याचं माप आणलंय." ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, मूळ माप ते होतं. मी ७.५ चा बनवला असता तर नवीन हँडल पहिल्या दिवसापासून जुन्यासारखं ढिलं हललं असतं आणि मी ओतकामाला नावं ठेवत बसलो असतो. त्यानंतर मी सगळी मापं परत घेतली, जिथे हात लागत नाही, घासत नाही अशा जागांवरून. स्क्रूची भोकंसुद्धा लंबगोल झालेली होती, ती दाराच्या पत्र्यावरून मोजली.

आधी फिटिंग बघायला पीएलएमध्ये, म्हणजे थ्रीडी प्रिंटरच्या साध्या प्लास्टिकमध्ये, प्रिंट काढलं. बसलं छान, म्हणून उत्साहाच्या भरात तसंच दारावर राहू दिलं. दुपारी उन्हात गाडी उभी होती, पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि काळं हँडल उन्हात तेवढं तापतं. संध्याकाळी बघतो तर मूठ खाली झुकलेली, जणू काही दाराला झोप आलीय. पीएलए फक्त मापासाठी वापरायचं, हे मला माहीत होतं, तरी केलं.

दुसरं नायलॉनमध्ये काढलं, आडवं झोपवून. उभं काढलं तर थर मानेला आडवे येतात आणि नेमक्या तिथेच सुटतात. हे नायलॉनचं हँडल मी "तात्पुरतं" म्हणून दुसऱ्या बाजूला लावलं होतं, त्याचं पुढे सांगतो.

खरं हँडल सिलिकॉन ब्राँझमध्ये, म्हणजे थोडं सिलिकॉन घातलेल्या तांब्याच्या मिश्रधातूत, ओतून घेतलं, आधी मेणाचा नमुना करून. ब्राँझ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतो, मेणही थोडं आकसतं, त्यामुळे मॉडेल तेवढं मोठं करून द्यावं लागतं. ओतकामवाल्याने विचारलं होतं, "वाढवून दिलंय ना?" मी हो म्हणालो, आणि वाढवलं नव्हतं, कारण मला वाटलं तो भट्टीवाल्याचा प्रश्न आहे. पहिलं हँडल १२४ मिलिमीटरचं १२१ झालं. दिसायला सुंदर, स्क्रूची भोकं पत्र्यावर जुळेनात. ते आता टेबलावर पेपरवेट आहे. दुसऱ्या वेळी वाढवून दिलं आणि भोकं ओतून न घेता नंतर दारावर धरून मार्क करून ड्रिल केली. कोणी करणार असेल तर भोकं नंतरच पाडा, तो सगळा त्रासच वाचतो.

आता वापराचं. हातात घेतल्यावर ब्राँझचं हँडल भारी वाटतं, आणि ते खरंच भारी आहे, झमॅकपेक्षा जवळजवळ ३० टक्के जड. पहिले पाच आठवडे राजासारखे गेले. मग दार उघडताना हँडल आधीपेक्षा जास्त फिरवावं लागतंय असं वाटायला लागलं. काढून बघितलं तर हँडलला काही झालं नव्हतं, चौकोनी दांडाच पिळला गेला होता, उघड दिसेल इतका, जिलबीची सुरुवात असते तसा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला आणि दाराचं आतलं पॅनल उघडलं. लॅचमधलं ग्रीस वाळून डांबर झालेलं, त्यात धूळ बसलेली, लिव्हर हलवायला दोन्ही हात लागत होते. म्हणजे मूळ हँडल जुनं झालं म्हणून तुटलं असं मी जे वर्षभर सांगत फिरत होतो ते अर्धंच खरं होतं. घट्ट लॅचने ते तोडलं होतं. मी मजबूत हँडल बसवलं, तर त्याने पुढचा कमकुवत पार्ट शोधला.

लॅच काढून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलं, ब्रशने घासलं, वाळवून हलकं ग्रीस लावलं. आता दार एका बोटाने उघडतं. नवीन दांडा बसवला, त्याला सात महिने होत आले, सरळ आहे.

आणि आता नायलॉनचं. ज्याला मी तात्पुरतं म्हणत होतो ते हँडल, त्या बाजूचं लॅचही साफ केल्यावर, बदलेपर्यंत आरामात चाललं. मजबुतीची काहीच तक्रार नाही. ओल धरून थोडं फुगल्यासारखं झालं आणि फिरताना किंचित कचकच करायचं, बस. फक्त जुन्या गाडीच्या दारावर प्लास्टिक बघवत नव्हतं, म्हणून बदललं. एवढं कळलं असतं तर ब्राँझचा खटाटोप केला असता का? केला असता बहुतेक, पण निदान आधी लॅच साफ केलं असतं.

दुसऱ्या बाजूच्या ब्राँझची वेगळीच गंमत. सॉफ्टवेअरमध्ये मिरर केलं, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं केलं, की झालं असं वाटलं होतं. हँडल मिरर झालं, मूठ परत जागेवर आणणारी स्प्रिंग झाली नाही. मी उरलेली स्प्रिंग, डाव्या-उजव्याचा विचार न करता, तशीच लावली. अशी स्प्रिंग आवळायच्या दिशेने जोर देते, उलट्या बाजूने लावली की वेटोळी सुटत जातात आणि दमच राहत नाही. त्यात ब्राँझ जड. मूठ जराशी लोंबायची आणि खडबडीत रस्त्यावर टकटक टकटक वाजायची, मला वाटलं सस्पेन्शन गेलं, दोन रविवार गाडीखाली झोपलो. शेवटी शेजारी बसलेल्या मित्राने हँडलवर बाहेरून हात ठेवला आणि आवाज बंद. उलट्या पिळाची स्प्रिंग वळवून घेतली तेव्हा सुटका झाली.

पावसाळ्यात आणखी एक. पहिल्या बाजूला बैठकीखाली गॅस्केट लावलं नव्हतं. ब्राँझ आणि लोखंडी पत्रा, मध्ये ओल, आणि ड्रिल करताना खरवडलेला रंग, मग काय, पत्राच गंजणार. हँडलखालून तांबूस ओघळ दिसायला लागले. काढलं, गंज घासला, प्रायमर, रंग, आणि २ मिलिमीटरचं रबर कापून खाली घातलं. पण रबर घातलं की हँडल तेवढंच बाहेर येतं आणि दांडा लॅचमध्ये २ मिलिमीटर कमी जातो. माझा दांडा नशिबाने लांब ठेवला होता. तुम्ही बनवाल तेव्हा आधी गॅस्केट धरूनच लांबी ठरवा.

क्रोम फक्त ड्रायव्हर साइडला केलं. तांबं, मग निकेल, मग वरून क्रोमचा पातळ थर. काम चांगलं झालं, आठ महिन्यांत एक फोड नाही, पण पॉलिशवाल्याने आधी इतकं घासलं की मुठीवरची मूळ धार गोल झाली. लांबून कळत नाही, मला रोज कळतं. दुसरं मी तसंच सोडलं, ब्राँझ उघडं. ते आता तपकिरी पडलंय, जिथे अंगठा लागतो तेवढी जागा पिवळी चकचकीत. पावसात धरलं की हाताला जुन्या नाण्यासारखा वास येतो. घरच्यांना आवडत नाही, मला आवडतो.

किल्लीचं लॉक अजून नाही. जागा ठेवलीय, पण जुना बॅरल, म्हणजे किल्ली जाते ती नळी, झिजलेला आणि मी आता झिजलेल्याचं माप घ्यायला घाबरतो. तोवर एक दार आतून कडी लावून बंद, दुसऱ्याला बाहेरून छोटं कुलूप. आणि हो, मिरर करताना मागच्या बाजूचा ओतीव नंबर काढायचा राहिला. तो दुसऱ्या हँडलवर उलटा आलाय, आरशात धरून वाचावा लागतो. दारावर बसवलं की दिसत नाही.