चाळिशीनंतर स्नायू टिकवण्यासाठी: जिम, रबरी पट्टे की जोर-बैठका?

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट आणखी वेग घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा बळवर्धक व्यायाम सुचवला. तो चालण्याच्या जोडीने करायचा आहे, चालण्याऐवजी नव्हे. स्नायूंवरचा भार हळूहळू वाढत गेला तरच ताकद वाढत राहते, म्हणून कोणताही पर्याय निवडताना मी हीच कसोटी आधी लावतो.

या कसोटीवर जिम सरस ठरते. लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलण्याच्या यंत्रावर, टेकून बसून शरीराच्या वजनाहून कमी भाराने सुरुवात करता येते आणि तोच भार काही किलोंच्या टप्प्यांनी चढवता येतो. बैठकांत मात्र पहिल्या दिवसापासून जवळजवळ सगळे वजन मांड्या-गुडघ्यांवर येते, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांना हा फरक फार मोलाचा आहे. बॉस्टनमध्ये झालेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, ८६ ते ९६ वर्षे वयाच्या वृद्धाश्रमवासीयांनी आठ आठवडे असा भारी व्यायाम केला आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे वाचल्यावर ‘आता वय झाले’ ही सबब मला तरी पटत नाही. जिमची अडचण म्हणजे शुल्क, जाण्या-येण्याचा वेळ आणि वयस्कांना शिकवण्याचा सराव नसलेले प्रशिक्षक. वजन उचलताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो, हे सांगणारा प्रशिक्षक मिळाला तर त्याला सोडू नये.

रबरी पट्टे स्वस्त आहेत आणि प्रवासातही नेता येतात. दाराच्या फटीत पट्टा अडकवून कोपर मागे खेचले की पाठीचा चांगला व्यायाम होतो, आणि जोर-बैठकांत नेमका हाच खेचण्याचा भाग राहून जातो. मात्र पट्टा ताणला जाईल तसा त्याचा विरोध वाढत असल्याने सुरुवातीला भार अगदी हलका लागतो, आज किती किलो खेचले हे नेमके कळत नाही, आणि पायांना तो लवकरच अपुरा पडतो. अशा वेळी पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून बैठका माराव्यात. रबराला तडे दिसले की पट्टा बदलावा.

जोर-बैठकांना खर्च नाही. जमिनीवरचे जोर जमत नसतील तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून आणि पूर्ण बैठकांऐवजी खुर्चीवरून उठ-बस करून सुरुवात करावी. पण तीस-चाळीस बैठका सहज होऊ लागल्यावर दमसास वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. सूर्यनमस्कारांची मर्यादाही हीच आहे.

कोणताही मार्ग घेतला तरी वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोंच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. नुसत्या वरण-भातावर ती भागत नाहीत. उसळ, दही, पनीर, अंडी किंवा मासळी रोजच्या जेवणात हवी.

हात छातीशी धरून खुर्चीवरून पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, किंवा रक्तदाब, हृदयविकार वा सांधेदुखी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून जिमचे यंत्र निवडावे. प्रकृती ठीक असलेल्या, पण जिमला वेळ नसलेल्या पन्नाशीच्या व्यक्तीला मी पट्टे, जोर आणि वजन घेऊन बैठका असा मेळ सुचवेन.