कुंद्याच्या यादीवर पारखलेले चार एडिटर

बेळगावच्या शहापुरातील एका मिठाईच्या दुकानासाठी पायथन या संगणकीय भाषेत बिलाचा प्रोग्राम लिहिताना कुंदा, करदंट अशा मिठायांची यादी मराठी व कन्नड अशा दोन्ही लिप्यांत ठेवावी लागली. त्या निमित्ताने व्हीएसकोडियम, जीनी, व्हिम आणि केट हे कोड लिहिण्याचे चार मुक्तस्रोत एडिटर 4 जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर, लिनक्सखाली, दोन महिने आलटून पालटून वापरले.

मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरचा स्रोत एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली खुला असला, तरी कंपनी जी तयार प्रत वाटते तिचा परवाना वेगळा आहे आणि तीत वापराची माहिती कंपनीकडे पाठवणारी टेलिमेट्रीही असते. ती वगळून त्याच स्रोतापासून बांधलेला एडिटर म्हणजे व्हीएसकोडियम. त्याची एक्स्टेंशन, म्हणजे सोयी वाढवणारे जोड, ओपन व्हीएसएक्स या खुल्या भांडारातून येतात, मात्र मायक्रोसॉफ्टचे पायथनसाठीचे लोकप्रिय पायलान्स हे एक्स्टेंशन परवान्यामुळे व्हीएसकोडियमवर चालवता येत नाही. सोयींना तोटा नाही. पण तो इलेक्ट्रॉन या चौकटीवर बांधलेला, म्हणजे पोटात क्रोमियम हा अख्खा ब्राउझरच असल्याने शेजारी ब्राउझर उघडला की आमचे यंत्र धापा टाकू लागे.

2005 पासूनचा जीनी याच्या अगदी उलट, क्षणात उघडणारा. परंतु एका संध्याकाळी वीज गेली आणि शेवटच्या सेव्हनंतरचे तासाभराचे काम बुडाले. आपोआप सेव्ह करणारे प्लगिन त्याच्यासोबतच येते, फक्त ते आपण सुरू करावे लागते. ते मी केले नव्हते, तेव्हा दोष माझाच.

व्हिमची स्वॅप फाइल, म्हणजे न जतन केलेले बदल अधूनमधून टिपून ठेवणारी फाइल, अशा वेळी तारते. ब्रॅम मोलेनार यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेला हा एडिटर इंग्रजी कोडसाठी मला आजही सर्वांत चपळ वाटतो. मात्र तो ज्या टर्मिनलमध्ये, म्हणजे केवळ मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, चालतो तेथे अक्षरे ठरावीक रुंदीच्या चौकटींत बसवली जात असल्याने माझ्या पडद्यावर ‘कुंदा’मधला उकार क पासून सुटून दिसे, आणि कर्सर नेमका कुठे आहे हे अंदाजानेच ठरवावे लागे.

केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाचा केट येथे उजवा ठरला. ‘क्ष’, ‘त्र’ आणि कन्नडमध्ये अक्षराखाली लटकणारी ओत्तक्षरे तो जागच्या जागी दाखवतो, आणि न जतन केलेले बदल स्वतःच्या स्वॅप फाइलमध्ये ठेवत असल्याने वीज परत आल्यावर ते परत मिळवता येतात. कोडमधील चुका दाखवण्यासाठी पायथनचा लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड तपासून एडिटरला चुका कळवणारा प्रोग्राम, वेगळा बसवावा लागला, तेवढी खटपट मी सोसली. अनेक ओळींतला उभा पट्टा एकदम निवडणे मात्र देवनागरी ओळींवर त्यालाही जमत नाही: ‘करदंट’ आणि ‘बेसन लाडू’ यांच्या पुढचे भाव एका रेषेत येतच नाहीत, त्यामुळे दर बदलायचे झाल्यास मालाच्या यादीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल मी अजूनही लिबरऑफिसमध्येच उघडतो.