सायप्रस: मुक्काम दक्षिणेत टाकायचा की उत्तरेत?

भाचीचा फोन आला. "मामा, किरेनियात अगदी समुद्रावरचं हॉटेल मिळतंय, लिमासोलच्या निम्म्या भावात. तिथंच सात रात्री घेते. बेट तर एकच आहे ना?"

बेट एकच आहे. ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या अडीचपट. पण त्याच्या पोटातून १८० किलोमीटर लांबीचा एक पट्टा जातो. राजधानी निकोसियाच्या जुन्या गल्ल्यांत तो चार-पाच पावलांत संपतो आणि मोकळ्या रानात सात किलोमीटरपर्यंत रुंद होतो. पट्ट्यावर संयुक्त राष्ट्रांचा पहारा. दक्षिणेला सायप्रस प्रजासत्ताक (लिमासोल यात), युरोपीय संघाचा सदस्य, चलन युरो. उत्तरेला 'उत्तर सायप्रसचं तुर्की प्रजासत्ताक' (किरेनिया यात), ज्याला तुर्कस्तान सोडून एकाही देशाची मान्यता नाही, चलन लिरा. मी दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा दोन्हीकडे राहिलोय. म्हणून भाचीला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितो.

पार्श्वभूमी थोडक्यात, कारण ती न कळता हॉटेल निवडणं म्हणजे सातबारा न बघता प्लॉट घेणं. १९६० साली बेट ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालं. बहुसंख्य ग्रीक सायप्रिऑट आणि अल्पसंख्य तुर्की सायप्रिऑट यांच्यात सत्तेची वाटणी ठरली होती, ती जेमतेम तीन वर्षं टिकली. १९६३ च्या डिसेंबरात दंगली झाल्या, तेव्हा एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली. 'ग्रीन लाइन' हे नाव तिथून आलं. १५ जुलै १९७४ ला बेट ग्रीसला जोडण्यासाठी ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने बंड झालं, २० जुलैला तुर्की फौजा उतरल्या, आणि ऑगस्टपर्यंत बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्यांच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रिऑट घरंदारं सोडून दक्षिणेला आले, चाळीस-पन्नास हजार तुर्की सायप्रिऑट उत्तरेला गेले. पुढची २९ वर्षं सामान्य माणसाला पलीकडे जाणं जवळपास अशक्यच होतं. २३ एप्रिल २००३ ला नाकी उघडली. आज अशी नऊ आहेत.

कुठल्या दाराने शिरायचं

हॉटेलाआधी हे ठरवा. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

दक्षिणेचे विमानतळ लार्नाका आणि पाफोस. मुंबईहून आखातात विमान बदलून लार्नाकाला सहज पोचता येतं. उत्तरेचा विमानतळ एरजान. तिथे उतरणारं विमान तुर्कस्तानमार्गेच येतं. सायप्रस सरकारच्या लेखी एरजान हे बेकायदा प्रवेशद्वार आहे. त्यामुळे एरजानला उतरून नंतर दक्षिणेत जायचं म्हटलं, तर नाक्यावर तुम्हाला अडवण्याचा किंवा दंड करण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि भारतीय पासपोर्टवर ही जोखीम घेण्यात अर्थ नाही. उलट बाजूने असा प्रश्न येत नाही. लार्नाकाला रीतसर उतरा, उत्तरेत जाऊन या, तिथे राहा, परत या. सायप्रसच्या लेखी ग्रीन लाइन ही देशाची सीमाच नाही, त्यामुळे ती ओलांडल्याने तुम्ही देशाबाहेर गेलात असं होत नाही.

व्हिसा सायप्रसचा वेगळा लागतो. पण एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा वैध शेंगेन व्हिसा हातात असेल तर त्यावरही चालतं. युरोपच्या सहलीला जोडून जाणाऱ्यांचे यात पैसे वाचतात. उत्तरेतले प्रवेशाचे नियम तिथलं प्रशासन मधूनमधून बदलत असतं, ते निघण्याच्या आठवड्यात बघून घ्या. आणखी एक. भारतीय उच्चायुक्तालय निकोसियाच्या दक्षिण भागात आहे. भारताची उत्तरेला मान्यता नाही, त्यामुळे पासपोर्ट तिकडे हरवला तर धावपळ दक्षिणेत येऊनच करावी लागणार.

बघायला काय, कुणाकडे

इथे मात्र उत्तरेचं पारडं हलकं नाही. खरं सांगायचं तर मनात घर करून राहिलेली ठिकाणं मोजली तर माझी निम्म्याहून जास्त उत्तरेतली निघतील.

दक्षिणेत पाफोसची मोझेइक आणि खडकात कोरलेली थडगी आहेत, लिमासोलजवळ कुरियनचं समुद्राकडे तोंड केलेलं प्राचीन नाट्यगृह आहे, ट्रूडोस डोंगरात आतून रंगवलेली छोटी चर्चेस आहेत. सगळं नीट राखलेलं, पाट्या इंग्रजीत, रस्ते गुळगुळीत. लार्नाकाच्या खाऱ्या तळ्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. अय्या नापा या समुद्रकाठच्या गावाबद्दल मी फार लिहिणार नाही. पाणी सुंदर, रात्रीचा धांगडधिंगा त्याहून मोठा. २०२४ मध्ये दक्षिणेत ४० लाखांहून जास्त पर्यटक आले, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते सगळे एकाच वाळूवर उताणे पडलेत असं वाटतं.

उत्तरेत किरेनियाचं बंदर, घोड्याच्या नालासारखं. मागे किल्ला, आणि किल्ल्यात दोन हजार वर्षांहून जुन्या बुडालेल्या व्यापारी जहाजाचा सांगाडा. वर डोंगरात सेंट हिलेरियनचा दुर्ग. पायऱ्या चढताना रायगड आठवतो, दम लागल्यावर जास्तच. पूर्वेला सालामिसचे अवशेष, तिथे गेलो तेव्हा खांबांमध्ये आम्ही आणि सरडे, एवढेच होतो. आणखी पूर्वेला कार्पास द्वीपकल्प. तिथली मोकाट गाढवं गाडी थांबवून खिडकीत तोंड घालतात.

फामागुस्ता मात्र निवांत बघा. तटबंदीच्या आत एक मशीद आहे, बाहेरून चक्क फ्रान्समधलं कॅथेड्रल. मुळात ती सेंट निकोलसचं कॅथेड्रलच होती, तुर्कांनी शहर जिंकल्यावर मशीद झाली. आणि तटबंदीच्या बाहेर वरोशा. १९७४ पूर्वी बेटाचं बरंचसं पर्यटन या किनाऱ्यावर नांदत होतं. ऑगस्टमध्ये तुर्की फौज आली, लोक हातात सापडेल ते घेऊन निघाले, आणि सैन्याने कुंपण घातलं ते ४६ वर्षं. (अय्या नापा हे तोवर मच्छीमारांचं गाव होतं. वरोशा गेल्यावर दक्षिणेने हॉटेलं तिकडे बांधली.) ८ ऑक्टोबर २०२० ला उत्तरेच्या प्रशासनाने वरोशाचा काही भाग फिरायला उघडला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यावर तीव्र चिंता व्यक्त करून निर्णय मागे घ्यायला सांगितलं, कारण मूळ रहिवाशांखेरीज कुणी तिथे वस्ती करू नये असा तिचा १९८४ पासूनचा ठराव आहे.

आज तिथे ताजा डांबरी रस्ता आहे आणि भाड्याने सायकल मिळते. दोन्ही बाजूंना सात-आठ मजली हॉटेलं, बाल्कन्यांचे कठडे लोंबकळलेले, एका दुकानाच्या शटरमधून अंजिराचं झाड सरळ बाहेर आलेलं. इमारतींत शिरायला बंदी. माझ्यापुढे एक कुटुंब आइस्क्रीम खात सेल्फी काढत होतं. आदल्याच दिवशी मी दक्षिणेकडच्या डेरिनियात होतो, जिथून लोक दुर्बिणीतून याच इमारती बघतात. त्यामुळे मी सायकल घेतली नाही, चालत फिरलो. तुम्हाला जायचं की नाही हे तुम्हीच ठरवा, पण जाणार असाल तर डेरिनिया आधी करा.

राजधानी दोघांची

निकोसिया हा खरं तर या सगळ्या वादावरचा तोडगा आहे. लेड्रा स्ट्रीट ही आपल्या लक्ष्मी रोडसारखी खरेदीची गल्ली, फक्त वाहनं नाहीत. चालता चालता मध्येच पोलिसांची खिडकी येते, पासपोर्ट दाखवायचा. मग थोडी मोकळी जागा, दोन्हीकडे बंद घरं, फुलांच्या कुंड्या. मग दुसरी खिडकी, पुन्हा पासपोर्ट. हे नाकं ३ एप्रिल २००८ ला उघडलं. रांग नसेल तर पाच-दहा मिनिटांत तुम्ही १५७२ सालच्या ब्युयुक हान या सरायीच्या अंगणात कॉफी पीत बसलेले असता.

कॉफीवरून आठवलं. छोट्या भांड्यात उकळलेली, तळाशी गाळ राहणारी कॉफी दोन्हीकडे तीच. मध्यम गोड हवी असेल तर दक्षिणेत म्हणायचं 'मेट्रिओ', उत्तरेत 'ओर्ता'. दक्षिणेत तिला 'तुर्की कॉफी' म्हणू नका. वेटर काही बोलणार नाही, पण बिल आणताना चेहरा बघा. चीजचंही तेच, उत्तरेत हेलिम, दक्षिणेत हलुमी. २०२१ मध्ये युरोपीय संघाने दोन्ही नावांनी एकच नोंदणी दिली. शाकाहाऱ्यांना दक्षिणेत जास्त सोपं जातं, कारण ग्रीक चर्चच्या उपासांमुळे बिनमांसाचे पदार्थ घरोघरी मुरलेले आहेत. पालेभाजी घातलेली चवळी मिळते, तिला लुवी म्हणतात. आणि 'कोलोकासी' दिसलं तर ओळखा, तो आपल्या अळूचाच कंद. फक्त मांसाबरोबर शिजवलाय का ते विचारून घ्या.

लेड्रा स्ट्रीटवरच्या शाकोलास टॉवरच्या अकराव्या मजल्यावरून पलीकडच्या डोंगरउतारावर रंगवलेला उत्तरेचा अवाढव्य झेंडा दिसतो. रात्री तो दिव्यांनी उजळतो. घरं सोडून आलेल्यांच्या अंगणातून तो रोज दिसतो, याचा विचार मला तिथे उभं राहिल्यावर सुचला.

खिसा आणि गाडी

उत्तर स्वस्त, हे अर्धसत्य आहे. हॉटेलांचे दर कमी दिसतात, पण लिऱ्याच्या घसरणीबरोबर महागाईही तितकीच वाढलीय. पेट्रोल भरायला ग्रीक सायप्रिऑट उत्तरेत जातात आणि किराणा घ्यायला तुर्की सायप्रिऑट दक्षिणेत येतात, यावरून काय ते समजा. उत्तरेतून दक्षिणेत सिगारेटी भरून आणायचा बेत असेल तर मर्यादा ४० ची आहे, आणि २६० युरोंपर्यंतच्या वस्तू.

गाडी दोन्हीकडे डावीकडूनच चालवतात, प्लगही तीन पिनांचा, ही इंग्रजांची कृपा. अडचण विम्याची. दक्षिणेतल्या गाडीचा विमा रेघ ओलांडली की संपतो. नाक्यावर वेगळा घ्यावा लागतो आणि तो फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरता. माझ्या भाड्याच्या कंपनीने 'खुशाल न्या' म्हटलं होतं, आणि करारात बारीक अक्षरांत होतं की उत्तरेत गाडीला काही झालं तर पूर्ण खर्च माझा. ते मी परतीच्या विमानात वाचलं. तेव्हा उत्तरेतली लांबची ठिकाणं करायची तर पलीकडे जाऊन टॅक्सी ठरवा.

तुर्कस्तानवरचा राग

तुर्कस्तानच्या ताब्यातल्या भागात जाऊन पैसे खर्चावेत का, हा प्रश्न आता घरोघरी निघतो. तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायचं थांबवलं, कित्येकांनी इस्तंबूलची तिकिटं रद्द केली. पुढच्याच महिन्यात आपले पंतप्रधान सायप्रसला गेले आणि राष्ट्राध्यक्षांबरोबर ग्रीन लाइनजवळ उभे राहिले. दक्षिणेत भारतीय म्हटल्यावर स्वागत जरा जास्तच मनापासून होतं. त्याची मुळं जुनी आहेत: संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती जनरल ग्यानी, त्यांच्यानंतरचे जनरल थिमय्या, जे १९६५ मध्ये इथेच कामावर असताना वारले. १९७४ च्या धामधुमीत सेनापती होते प्रेमचंद, तेही भारतीयच.

मग उत्तरेत खर्च केला म्हणजे अंकाराच्या खिशात घातला का? काही अंशी हो, एरजानमार्गे तुर्की विमानाने गेलात तर नक्कीच. पण तुर्की सायप्रिऑट म्हणजे तुर्कस्तान नव्हे. २०२५ मध्येच शाळेत हिजाबला परवानगी देणाऱ्या नियमाविरुद्ध ते हजारोंनी रस्त्यावर उतरले होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी दोन वेगळ्या राष्ट्रांची भाषा करणाऱ्या नेत्याला हरवून संघराज्याची बोलणी हवी म्हणणाऱ्या तुफान एर्हुर्मान यांना निवडून दिलं. सरायीतल्या कॉफीवाल्याला दिलेले पैसे मला तरी टोचले नाहीत.

हॉटेलचं मात्र वेगळं आहे. उत्तरेतली पुष्कळ जमीन कागदोपत्री आजही दक्षिणेत गेलेल्या कुटुंबांची आहे. एका ब्रिटिश जोडप्याने तिकडे बंगला बांधला, मूळ मालक दक्षिणेतल्या कोर्टात जिंकला, आणि २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो निकाल ब्रिटनमध्येही लागू होतो असं ठरवलं. एका रात्रीच्या पाहुण्याला कुणी कोर्टात खेचत नाही. पण कुणाच्या आंब्याखाली आपण खाट टाकतोय हे माहीत असावं. घर किंवा फ्लॅट घ्यायच्या जाहिराती दिसल्या तर पुढचं वाचूच नका.

भाचीला मी हे सांगितलं: लार्नाकाला उतर. लहान मुलं आणि आईबाबा बरोबर असतील तर पूर्ण मुक्काम दक्षिणेत, आणि निकोसियातून एक दिवस चालत पलीकडे. दोघंच असाल आणि किल्ले-अवशेषांची आवड असेल तर तीन रात्री पाफोस, दोन निकोसिया, दोन किरेनिया. एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर. चौकीचे आणि सैनिकांचे फोटो काढू नकोस, रेघेच्या कुठल्याही बाजूला.

तिने किरेनियाच्या सात रात्रींच्या दोन केल्या. उरलेल्या पाचांचे पैसे परत मिळतील का, यावर सध्या हॉटेलशी ईमेल चालू आहेत.