जुना लेथ, घरचं सिंगल फेज आणि २ एचपीचा ड्राइव्ह: वापरानंतरचा अनुभव

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघालेला जुना लेथ (धातू कातायचं यंत्र) घरी आणला की गाडी अडते विजेपाशी. मोटर ४१५ व्होल्ट थ्री फेज, घरात २३० सिंगल. सिंगल फेज इनपुटचा ड्राइव्ह (सिंगल फेजवरून मोटरला थ्री फेज देणारं, गती बदलणारं उपकरण, व्हीएफडी) लावून उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढले. ड्राइव्हची तक्रार नाही. खरं काम मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये आहे.

हा ड्राइव्ह २३० व्होल्टच थ्री फेज देतो. २ एचपीची मोटर बहुधा स्टारमध्ये (तिन्ही वायंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) असते. तशीच जोडली तर फिरते, पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) जेमतेम एक तृतीयांश; जरा खोल कट घेतला की चक (जॉब पकडून फिरणारा भाग) जागीच थांबतो. सहा टोकं बाहेर असतील तर टर्मिनलच्या जोडपट्ट्या बदलून डेल्टा (वायंडिंग त्रिकोणात) करा. तीनच असतील तर वायंडरकडून स्टारचा सांधा उकलून उरलेली तीन टोकं बाहेर काढून घ्या. मग ड्राइव्हमध्ये २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि डेल्टाचा करंट (२ एचपीला साधारण ६ अँपिअर) भरा.

इनपुटला पूर्ण लोडवर १४-१५ अँपिअर जातात, म्हणून स्वतंत्र ४ चौरस मिमी वायर, २० अँपिअरचा सी कर्व्ह (सुरुवातीचा करंटचा झटका सोसणारा) एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. गिझरच्या सॉकेटवर भागवू नका. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की अंडरव्होल्टेज ट्रिप येते, तेव्हा ड्राइव्हला दोष देऊ नये.

लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका. चालू मोटर तोडली की ड्राइव्हचं आउटपुट उडू शकतं. तो स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर घ्या. चक स्पिंडलवर आट्यांनी बसणारा असेल तर थांबायला ६-८ सेकंद द्या. झटक्यात ब्रेक लागला की चक उलटा सुटतो, आणि तो पायावर पडला तर संपलंच.

२० हर्ट्झच्या खाली मोटरचा पंखा नावालाच फिरतो, मोटर तापते. हळू गती हवी तर बॅक गिअर (लेथमधलीच गती कमी करणारी गिअरजोडी) टाका. बिडाचा चुरा वीज वाहतो, म्हणून ड्राइव्ह बंद पेटीत, हेडस्टॉकपासून लांब. पेटी उघडण्याआधी सप्लाय तोडून किमान १० मिनिटं थांबा. आत कपॅसिटर भरलेले असतात.

कूलंट पंप या ड्राइव्हवर जोडू नका, सिंगल फेजचा वेगळा घ्या. ५ एचपीची मोटर मात्र बहुधा ४१५ ला आधीच डेल्टात असते, तिथे ही युक्ती चालत नाही. २ एचपीची मोटर बसवा, नाहीतर महावितरणकडे थ्री फेज मीटरचा अर्ज करा.