झ्वेझ्दाचं मि-24 किट (1/48): मे महिन्यात घेतलं, दसऱ्याला पूर्ण झालं

मी हे किट घेताना मराठीत याबद्दल कुठे काहीच वाचायला मिळालं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. झ्वेझ्दा ही रशियन कंपनी, आणि हे त्यांचं 1/48 स्केलचं (खऱ्यापेक्षा 48 पट लहान) मि-24 व्ही/व्हीपी, म्हणजे रशियन लढाऊ हेलिकॉप्टरचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल. आधीच सांगतो, मला हवं होतं आपल्या हवाई दलाचं मि-35. मि-35 म्हणजे मि-24 व्ही चंच एक्स्पोर्ट व्हर्जन, त्यामुळे हा बॉक्स बरोबर पडतो, फक्त नाकाखालची गन निवडताना लक्ष द्या. व्ही ला चार नळ्यांची 12.7 मिमी गन असते आणि व्हीपी ला दोन नळ्यांची 23 मिमी, आपल्याला चार नळ्यांचीच लावायची.

माझे काका हवाई दलात टेक्निशियन होते, राजस्थानात पोस्टिंगला असताना त्यांनी मि-35 वर काम केलंय. लहानपणी ते सुट्टीवर आले की आम्ही पोरं त्यांना घेरून बसायचो आणि ते या मशीनबद्दल असं बोलायचे की जणू घरच्या बैलाबद्दल बोलतायत. आपल्याकडे आधी 80 च्या दशकात याच घराण्यातली मि-25 आली, ती 1987 नंतर श्रीलंकेत लढली, मग मि-35 आली, 2000 साली सिएरा लिओनमध्ये ऑपरेशन खुकरीत होती. 2019 मध्ये पठाणकोटला 125 स्क्वाड्रनकडे अपाचे हे अमेरिकन लढाऊ हेलिकॉप्टर आलं, पण आमच्या घरात अजूनही हेलिकॉप्टर म्हटलं की हेच.

साइज. खऱ्या मशीनचा वरचा मुख्य पंखा (रोटर) 17.3 मीटर व्यासाचा, म्हणजे 1/48 मध्ये साधारण 36 सेंटिमीटर, आणि बॉडीपण जवळपास तेवढीच लांब. कपाटाचा कप्पा आधी मोजून घ्या, खरंच.

प्लास्टिक छान आहे, पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाच्या रेघा) आत कोरलेल्या आणि बारीक, मागच्या केबिनमध्ये आठ सैनिक बसायची जागा असते ती पण दिलीय. पार्ट भरपूर आहेत त्यामुळे हे पहिलं किट म्हणून घेऊ नका, आधी 1/72 मधली दोनतीन साधी विमानं करून हात बसू द्या. पार्ट स्प्रूवरून (ज्या प्लास्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात ती) तोडताना पिळून काढायचे नाहीत, निपरने आधी थोडं लांबून कापायचं, मग उरलेला तुकडा जवळून, मग 600 आणि 1000 चा पॉलिश पेपर. चिकटवायला मी तामियाचं एक्स्ट्रा थिन वापरलं, ते हिरव्या झाकणाचं, झाकणातच ब्रश असतो. दोन पार्ट आधी हाताने जुळवून धरायचे आणि फटीला नुसता ब्रश टेकवायचा, ते आपोआप आत ओढलं जातं आणि प्लास्टिक वितळून एकजीव होतं. फक्त आपलं बोट फटीजवळ नको, नाहीतर तिथे बोटाचा ठसा कायमचा उमटतो, माझ्या मॉडेलच्या शेपटीवर एक उमटला तो घासून घालवायला एक अख्खा रविवार गेला.

आता या हेलिकॉप्टरची खरी गंमत. मागचे पाय (चाकांचे दांडे) लावून झाले आणि मी मॉडेल टेबलावर ठेवलं तर ते एका बाजूला कललेलं दिसायला लागलं. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून काटकोन लावून बॉडी सरळ करायला घेतली, ग्लू अजून ओला होता तेवढ्यात काका आले आणि म्हणाले, "अरे थांब, सरळ काय करतोस त्याला, ते वाकडंच असतं." मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. शेपटीवरचा पंखा बॉडीला फिरू देत नाही पण त्याच वेळी अख्खं मशीन एका बाजूला ढकलत पण असतो, म्हणून मि-24 मध्ये मुख्य पंख्याचा दांडाच बॉडीच्या मानाने अडीच अंश उजवीकडे कलता बसवलाय. मग जमिनीवर उभं असताना पंखा सपाट राहायला हवा म्हणून पाय असे केलेत की बॉडी डावीकडे झुकते. म्हणजे सरळ असतो तो पंखा, आणि वाकडी दिसते ती बॉडी! शेपटीचा उभा भाग पण दोन्ही बाजूंनी सारखा नाही, वेगात असताना तो थोडा बाजूला जोर देतो आणि मागच्या पंख्याचं काम हलकं होतं. हे कळल्यावर मी काटकोन बाजूला ठेवला आणि पाय खाचेत जसे बसतात तसेच बसू दिले. तुम्ही पण तेच करा, लेव्हल बघायचीच असेल तर पंख्याच्या पातळीवर बघा. मला अख्ख्या बिल्डमध्ये सगळ्यात जास्त आनंद याच गोष्टीचा झाला, कारण इतकी वर्षं फोटो बघूनही हे कधी डोळ्यांना जाणवलंच नव्हतं.

बाजूचे छोटे पंख खाली झुकलेले असतात, तेही सरळ करायला जाऊ नका. नुसते रॉकेट लटकवायला नाहीत ते, वेगात असताना जवळजवळ पाव भार तेच उचलतात.

कॉकपिटचा रंग तो खास रशियन निळसर हिरवा. तयार बाटली मिळाली नाही म्हणून पांढऱ्यात निळा आणि थोडा हिरवा टाकत टाकत मिक्स केला, काकांनी तिसऱ्या वेळेला हो म्हटलं. बाहेरून तो काचेतून अजून गडद दिसतो, म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा फिकटच ठेवा.

काचा हा सगळ्यात वेळखाऊ भाग. दोन फुगीर कॉकपिट, एकामागे एक, मागचा वर, आणि समोरची काच सपाट, वर केबिनच्या खिडक्या वेगळ्या. रंग काचेवर लागू नये म्हणून मास्किंग टेप एक दीड मिलिमीटरच्या पट्ट्या कापून आधी फक्त फ्रेमच्या कडेने लावायच्या आणि मधली जागा मास्किंग लिक्विडने भरायची, रुंद टेप फुगीर काचेवर सुरकुततेच आणि रंग आत शिरतो. मी चार संध्याकाळी दिल्या याला. आधी कॉकपिटचा रंग मारा आणि त्यावर बाहेरचा, म्हणजे आतून बघितलं तरी फ्रेम बरोबर रंगाची दिसते.

रंगकामात पुण्याच्या पावसाने खूप छळलं. जुलैमध्ये लॅकर क्लिअर (लॅकरचा पारदर्शक थर) मारला आणि बघता बघता पांढरट ढग आले, हवेतलं पाणी त्यात अडकतं म्हणून होतं ते. तेव्हा पावसाळ्यात लॅकर नकोच, किंवा मग एसी लावून खोली कोरडी करून मारा. मी वाळूच्या रंगासाठी तामियाचे अॅक्रिलिक वापरले, एक्सएफ-59 मध्ये थोडा पांढरा, पातळ करायला त्यांचाच एक्स-20ए थिनर, वर हिरवे पट्टे एअरब्रशने मोकळ्या हाताने, पोटाला एक्सएफ-23 फिकट निळा. पांढरा का टाकला तर छोट्या मॉडेलवर मूळ रंग जड दिसतो.

डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं. मला आपलं गोल चिन्ह हवं होतं म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून वेगळी शीट छापून मागवली, तर त्याने हिरवा रंग बाहेर आणि केशरी आत छापून पाठवला! आपल्या हवाई दलाच्या चिन्हात केशरी बाहेर, मध्ये पांढरा आणि हिरवा आत असतो, एवढं तरी बघून छापायला हवं होतं, मला खरंच राग आला. परत मागवण्यात तीन आठवडे गेले. ऑर्डर देताना फोटो पाठवा आणि नंबर पण लिहून द्या, आपल्या हेलिकॉप्टरच्या नंबरची सुरुवात झेड ने होते. लावताना खाली ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक थर) पाहिजेच, मॅटवर लावलं तर डीकलखाली हवा अडकून चंदेरी दिसतं. आधी मायक्रो सेट (डीकल बसवायचं द्रव), डीकल जागेवर बसलं की मायक्रो सोल (डीकल मऊ करणारं द्रव), त्यानंतर डीकल सुरकुतेल, घाबरू नका आणि अजिबात हात लावू नका, सुकताना ते आपोआप रिव्हेटवर चपखल बसतं. शेवटी मॅट वार्निश.

इंजिनाच्या धुराड्यामागे काळी खडूची पूड कोरड्या ब्रशने लावली, फोटोत तिथे काजळी असतेच. वॉश (खाचांत मुरवायचा पातळ गडद रंग) मात्र हलका ठेवा. मी पहिल्यांदा काळा केला होता तो काकांनी पुसायला लावला, म्हणाले आम्ही मशीन रोज पुसायचो, इतकं घाण कधी ठेवलं नाही.

पंख्याची पाच पाती लावताना दिशा बघा. हे पंखे वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात, त्यामुळे पात्याची जाड गोल कड फिरायच्या दिशेला पुढे पाहिजे आणि पातळ कड मागे. अमेरिकन हेलिकॉप्टरं करून सवय झाली असेल तर इथे हमखास उलटं लागतं. आणि अख्खा पंखा दांड्यावर चिकटवू नका, नुसता अडकवून ठेवा. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजेत ठेवायला म्हणून कपाटातून काढताना तो वेगळा काढता आला म्हणून पाती वाचली, काकांनी स्वतः परत बसवला, झेंडूचं फूल मात्र पंख्यावर नाही, शेजारी ठेवायला सांगितलं.