जुन्या थारला कमी खर्चात लिफ्ट: 9 महिन्यांचा अनुभव

गाडी 2014 ची थार सीआरडीई (डिझेल इंजिनवाली), वावर यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडे. वावराचा पांदण रस्ता म्हणजे सारी काळी माती, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या अशा खोल चाकोऱ्या पडतात की गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासतेच. मागच्या जूनमध्ये लिफ्टचं, म्हणजे गाडीची उंची वाढवायचं मनावर घेतलं. तयार किट लाखाच्या वर जात होतं, कापसाचे पैसे त्यात घालायची माझी तयारी नव्हती.

या थारला समोर टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) अन् मागे पाटे (लीफ स्प्रिंग), म्हणून दोन्हीकडचं काम वेगळं. मागे यवतमाळला पाटेवाल्याकडं दोन्ही बाजूला एकेक पाटा वाढवला, पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे टाकले, 6 हजारात दीड इंच गाडी उचलली. समोर तर सामानच लागत नाही, टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की गाडी वर येते, अन् इथंच चुकलं. मेकॅनिक म्हणे अजून घेऊ, मीही हो म्हटलं, अडीच इंच झाली. दिसायला लय भारी. पण बोल्ट आवळून सस्पेन्शनची चाल वाढत नाही ना राजेहो, चाकाला खाली लटकायला जी जागा असते तीच खाऊन गाडी वर येते. चाक गड्ड्यात उतरलं की थड्ड आवाज, स्टिअरिंगपर्यंत हादरा. पोळ्याच्या आसपास चाक धुताना पाहिलं तर रिमच्या आतून काळं ग्रीस उडालेलं, अॅक्सलचं रबरी बूट चुण्यांमध्ये फाटलेलं. तिरप्या अँगलनं फिरून फिरून गेलं ते.

मग बूट बदललं, समोरची उंची दीड इंचावर आणली. आता चाकाच्या मधापासून मडगार्डपर्यंत टेपनं मोजतो अन् बोल्टवर पेंटची खूण करून ठेवली आहे. चारही शॉकअप नवे टाकले, मागचे थोडे लांब, 22 हजार लागले, चाकांच्या अलाइनमेंटचा खर्च वेगळा. खरा फरक या शॉकअपनं पडला, पैसे कमी असतील तर पहिले हेच घ्या, उंची नंतर.

अजून एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नाही. मागचा डिफरन्शियलचा गोळा (मागच्या दोन्ही चाकांना इंजिनची ताकद वाटतो तो) सस्पेन्शन लिफ्टनं एक सूतही वर जात नाही, तो अॅक्सलवरच असतो, त्याची उंची फक्त टायरनं वाढते. अन् चाकोरीत आधी तोच घासतो. म्हणून दिवाळीनंतर 235/70 आर16 मापाचे टायर काढून मोठे 245/75 आर16 टाकले, गोळा साधारण 2 सेंटीमीटर वर आला. टायर मोठे झाल्यानं स्पीडोमीटरच्या काट्यावर 60 दिसते तेव्हा गाडी 63 च्या आसपास असते, एवढं ध्यानात ठेवायचं.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, मूळ रचनेत मनानं बदल चालत नाही, म्हणून चॅसीवर कुठं कापू दिलं नाही की वेल्डिंग करू दिलं नाही. अन् लिफ्टनंतर 500 किलोमीटरवर यू-बोल्ट परत आवळून घ्याच, माझे दोन ढिले निघाले होते.

आता 11 हजार किलोमीटर झाले. रिकामी गाडी मागून कडक लागते, युरियाच्या 45 किलोच्या चार बॅगा टाकल्या की मस्त बसते. आईला चढाले त्रास होत होता, तिच्यासाठी बोल्टनं बसणारी पायरी लावली.