बेलापूरचा किल्ला मोबाईलवर उभा करायचाय: जीपीएस घ्यावं की बोर्डावरचं चित्र?

नवी मुंबईतला बेलापूरचा किल्ला एआरमध्ये, म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून खऱ्या जागेवर थ्रीडी मॉडेल उभं करून, दाखवायचा ठरवलंत ना, मग पहिलं हे ठरवा की ते मॉडेल जागेवर कशाच्या जोरावर टिकणार. सिद्दींनी बांधलेला, पोर्तुगीजांकडे गेलेला, मग मराठ्यांचा झालेला आणि 1817 ला इंग्रजांनी घेतलेला किल्ला, आता बुरूज आणि थोडे अवशेष सोडले तर काही दिसत नाही, शेजारच्या टॉवरमधल्या पोरांना तो माहीतही नसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जीपीएसवालं ऐकायला भारी, माणूस चालत आला की तटबंदी आपोआप समोर. पण मोकळ्या मैदानातसुद्धा मोबाईलचं जीपीएस चार-पाच मीटर हुकतं, उंच बिल्डिंगांमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो तेव्हा आणखी जास्त, वर लोखंड जवळ असलं की फोनचं होकायंत्र भरकटतं. मी करून बघितलं तेव्हा बुरुजाला चिकटून यायला हवी ती भिंत रस्त्यावर उभी राहिली आणि रिक्षा तिच्यातून आरपार गेली. बाजूला उभ्या आजोबांनी विचारलं, "म्हणजे तट इथून जायचा का रे?" मी नाही म्हटलं, पण मी तिथे नसतो तर ते तसंच समजून घरी गेले असते.

बोर्डावर छापलेलं चित्र वापरलं की हा घोळ होत नाही. कॅमेरा चित्र ओळखतो, त्याचा आकार आणि कोन बघून मॉडेल तिथल्या तिथे बसवतो, बोर्ड हलला नाही तर भिंतही हलत नाही. क्यूआर स्कॅन केला की ब्राऊझरमध्येच उघडतं, अॅप डाउनलोड करायला कोणाला सांगावं लागत नाही, आयफोनवरही चालतं. फक्त बोर्ड कॅमेऱ्यात राहायला हवा, लांब गेलं की मॉडेल डळमळतं, परवानगी काढावी लागते आणि पावसाळ्यात शेवाळ पुसायला कोणीतरी जायलाच हवं.

तिसरा पर्याय गूगलचं जिओस्पेशियल, 2022 मध्ये आलेलं. ते समोरचं दृश्य स्ट्रीट व्ह्यूशी, म्हणजे गूगलने काढलेल्या रस्त्यांच्या फोटोंशी, जुळवून जागा ओळखतं, जीपीएसपेक्षा कितीतरी अचूक. पण स्ट्रीट व्ह्यूची गाडी रस्त्यावरून जाते, झाडीतल्या बुरुजाजवळ नाही, शिवाय नेट आणि ज्यावर हे चालतं असा फोन लागतो.

ठाण्याचं गणित वेगळंय. तिथला किल्ला उभा आहे, पोर्तुगीजांनी 1730 ला सुरू केलेला, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे 1816 ला जिथल्या कैदेतून निसटले तो, पण आत सेंट्रल जेल. भिंतीवर मोबाईल रोखायला लोकांना सांगू नका, त्यापेक्षा एखाद्या हॉलमध्ये टेबलावर एआरमधलंच छोटं मॉडेल ठेवा, चारी बाजूंनी फिरून बघता येतं.

बेलापूरला मी बोर्डच लावेन. आणि तटाचा जो भाग अंदाजाने काढलाय तो भरीव दगडात नको, नुसत्या रेषेत दाखवा, आजोबांना खरं-अंदाज वेगळं कळायला हवं. बोर्ड ठोकण्याआधी दुपारी चारला तिथे उभं राहून ऊन कुठून येतं तेवढं बघून घ्या, चकाकणाऱ्या कागदावर कॅमेऱ्याला काहीच ओळखता येत नाही, मॅटच घ्या.